पाटी नसलेली खानावळ

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने विषय विचारला तेव्हा आम्ही ‘खानावळ’ असं सांगितलं. फोनवर जरा वेळ काहीच आवाज आला नाही. या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोललं गेलं आहे, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर बोललं गेलं आहे, टिळकांवर तर दर तिसऱ्या वर्षी बोललं जातं. खानावळीवर कुणी बोललेलं आम्हाला आठवत नाही. जेवण्याआधी जेवणावर बोलायचं म्हणजे श्रोत्यांचा अंत पाहणं, हेही आम्हाला कळतं. तेव्हा लांबवणार नाही.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. आम्ही चौघं. चौघंही कर्नाटक सरकारच्या नोकरीत, चौघंही चाळिशी ओलांडलेले, चौघंही डिप्लोमावाले. कुणी रस्त्यांकडे, कुणी पाण्याकडे, कुणी विजेकडे. एकाच्या घरी मराठी, एकाच्या घरी कन्नड, एकाच्या घरी दखनी, आणि चौथ्याच्या घरी आई मराठीत रागावते व वडील कन्नडमध्ये समजूत घालतात. बोलायला माईकसमोर एकाला उभं केलं आहे, पण भाषण चौघांचं आहे. त्यामुळे ‘आम्ही’ म्हटलं तर तो मोठेपणा समजू नये.

कामानिमित्त आमचं आळंद तालुक्यात फिरणं फार. त्यातही मादन हिप्परगा. हिप्परगा म्हटलं की सोलापूरकडची माणसं तलावाचं नाव घेतात, विजापूरकडची देवर हिप्परगीचं. आमचं हे तिसरं. होबळीचं गाव आहे, नाडकचेरी आहे, शाळा आहे, म्हणजे बाहेरगावचे गुरुजी, नर्सबाई, बँकेतली पोरं अशी एकटी राहणारी माणसं आहेत. आळंदकडे तोंड केलं तर लाडले मशायखांचा दर्गा, पाठ फिरवली तर महाराष्ट्राची हद्द. इथला माणूस लग्नाचं कापड घ्यायला सोलापूरला जातो, कोर्टाच्या तारखेला कलबुर्गीला, आणि नवस फेडायला अक्कलकोटला किंवा गाणगापूरला. आता अशा गावात दुपारी बाराला भूक लागली तर जायचं कुठं? स्टँडवर भजी मिळतात, चहा मिळतो. जेवण मिळत नाही असं आम्ही दोन वर्षं धरून चाललो होतो.

तर खानावळ. शब्द मराठी, पण हुबळी-धारवाडपासून थेट बेंगळुरूपर्यंत कन्नड पाट्यांवर ‘खानावळी’ असा दिमाखात बसलेला आहे. मराठीतून कन्नडमध्ये गेलेले शब्द मोजायला बसलं तर कुठला कुणाकडून आला यावर भांडण होतं. या शब्दावर सहसा होत नाही. हॉटेलात माणूस गिऱ्हाईक म्हणून जातो. खानावळीत तो ‘लावलेला’ असतो. महिन्याचा हिशेब, आपली ठरलेली जागा, आणि एक दिवस आला नाही तर ‘काल कुठं होतास?’ असा प्रश्न.

खानावळीच्या आधी काय होतं, तेही सांगितलं पाहिजे. निजामाच्या काळात गुलबर्ग्याला शिकायला येणारी खेड्यातली गरीब मुलं वार लावून जेवायची. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. ज्या वारी घर मिळालं नाही त्या वारी उपास. गाणगापूरला तर आजही दुपारी माधुकरी मागायची पद्धत आहे. मोटारीतून आलेला माणूससुद्धा पाच घरी झोळी पसरतो. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वरांचं नाव दासोहासाठी घेतलं जातं, येईल त्याला अन्न. बाराव्या शतकात इथूनच पलीकडे, बीदर जिल्ह्यातल्या आजच्या बसवकल्याणात, बसवण्णांनी दासोहाचा विचार मांडला. म्हणजे अनोळखी माणसाला घरात बसवून जेवू घालणं आपल्या मातीत नवं नाही.

पण एक गोष्ट आपण सोयीनं विसरतो. जुन्या खानावळींच्या पाट्या आठवा. ‘लिंगायत खानावळ’, ‘मराठा खानावळ’, ‘ब्राह्मणाची खानावळ’. पाटीवरचा पहिला शब्द आत काय शिजतं हे सांगायचा, तसंच आत कुणी बसावं हेही सांगायचा. आणि कुणी बसू नये, हे न लिहिताच कळायचं. आमच्या चौघांतल्या एकाचे आजोबा बाजाराला गुलबर्ग्याला यायचे तेव्हा घरून भाकरी बांधून आणायचे आणि झाडाखाली खायचे. खिशात पैसे असायचे. पैशाचा प्रश्नच नव्हता. हे आमच्या या मित्रानं नोकरीला लागल्यावर बारा वर्षांनी आम्हाला सांगितलं, तेही जेवताना, सहज.

आता त्या जेवणाच्या जागेकडे येतो.

मादन हिप्परग्यात एका बोळात ती आहे. पाटी नाही. दगडी भिंत, बुटकं दार, वर माळवद. दारातून वाकून आत गेलं की ढेलज, आणि ढेलजेत भिंतीला लागून एक लांब सतरंजी. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, कुणाचं तरी राहतं घर आहे. आहेच ते राहतं घर. आम्हाला ती जागा शाळेतल्या एका गुरुजींनी दाखवली, तीही फार आढेवेढे घेऊन. सरकारी माणसं घरात आणायची म्हटल्यावर कुणीही बिचकेल.

घरातल्या बाई साठी ओलांडलेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणतात, आम्हीही म्हणतो. नाव सांगणार नाही, तसं त्यांनी बजावलं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मोजलं, आणि म्हणाल्या, “बर्री, कुंद्री.” मग मराठीत, “आज आलासा ते आलासा. उद्यापास्नं दहाच्या आत निरोप पायजे. मी पीठ मोजून काढते.”

हाच तिथला पहिला नियम. दुसरा नियम असा की काय हवं ते विचारायचं नाही. जे असेल ते ताटात येतं. श्रावणात अंबाडीची भाजी, तुरीची डाळ आणि कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी. कन्नडमध्ये तिला पुंडी पल्ले म्हणतात. थंडीत वांगी आली की भरली वांगी, कारळ आणि शेंगदाण्याच्या कुटात. हरभऱ्याची कोवळी पानं असली तर ती. ताटाच्या कडेला मेथीची कच्ची जुडी, कांद्याची पात, मुळा, आणि जवसाची किंवा शेंगाची चटणी, तिच्यावर दह्याचा गोळा. आमटी पातळ, पण तुरीची डाळ आपल्या काळ्या मातीतली. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते अक्काला आम्ही सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग भाव वाढला का?” आम्ही गप्प.

पण या सगळ्यांच्या वर भाकरी. तिच्यावर थोडं थांबू द्या, कारण आम्हा डिप्लोमावाल्यांना त्यात रस वाटला तो इंजिनिअरिंगचा. गव्हाच्या कणकेत चिकटपणा असतो, ती ओढली तरी तुटत नाही. ज्वारीत तो चिकटपणा नाही. म्हणून आधणाचं पाणी लागतं. कढत पाण्यानं पीठ थोडं शिजतं आणि एकमेकाला धरतं. बायका याला विरी म्हणतात. पीठ ताजं असेल तर विरी असते, जुनं झालं की विरी जाते, मग कितीही मळा, काठा फाटणारच. सिमेंटचंही असंच आहे. पोतं जुनं झालं की जोर गेला. आमच्यातल्या रस्तेवाल्यानं हे अक्काला समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हंजे तुमच्या पुलाचं पीठ जुनं हुतं म्हना की.” त्यानंतर तो विषय आम्ही काढला नाही.

अक्का मालदांडीच वापरतात. मोहोळच्या केंद्रात निवडलेलं ते ३५-१ वाण जुनं आहे, त्यानंतर कितीतरी नवी वाणं आली, पण रब्बीत आमच्याकडे भाकरी म्हटली की मालदांडी. दोन-तीन दिवसांचंच दळण. काठवटीत एका भाकरीपुरतं पीठ, आधण, मळणं तळहाताच्या टाचेनं. मग थापणं. उजवा हात आपटत जातो आणि भाकरी आपोआप फिरते, ते पाहताना मोजमाप करणाऱ्या माणसाला लाज वाटते. आम्ही एकदा खरोखरच टेप लावला होता. पाच भाकऱ्या, पाचींचा व्यास नऊ इंचाला एक सूतभर इकडे-तिकडे. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटायची, आणि शेवटी चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला उभी. टम्म फुगली की तशीच ताटात. ती येते तेव्हा वाफेनं बोट पोळतं. त्या वेळी जो खातो त्यानंच खाल्ली. दहा मिनिटांनी तीच भाकरी वेगळी.

म्हणून तिसरा नियम. एका वेळी आठच माणसं. चूल एक, तवा एक, हात दोन. नववा आला तर त्यानं ओट्यावर थांबायचं, मग तो तहसीलदार का असेना.

आणि चौथा नियम, जो अक्का कधी बोलून दाखवत नाहीत. ओळ एकच. जो आधी आला तो आधी बसला. आमच्या त्या मित्राच्या, ज्याचे आजोबा झाडाखाली जेवायचे, त्याच्या शेजारी कुणी बसायचं हे तिथं ठरत नाही. हे सुरुवातीपासून असंच होतं का, असं आम्ही गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, पतीच्या माघारी अक्कांनी हे सुरू केलं त्या पहिल्याच वर्षी दोघंतिघं यायचे बंद झाले होते. ओळीत कोण बसतं ते पाहून. घरच्यांनीही अक्काला सांगून पाहिलं, की निदान ताटं वेगळी ठेव. अक्का म्हणाल्या होत्या, गेले ते गेले, दहा भाकऱ्या कमी थापायच्या. त्या काळी दहा भाकऱ्यांचे पैसे त्या घराला जड होते, हेही गुरुजींनी सांगितलं. या गोष्टीवर अक्का स्वतः काही बोलत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “जेवा की आता.”

आता बेंगळुरूकडे वळतो. विषयांतर वाटेल, पण नाही.

प्रशिक्षणासाठी आम्हा चौघांना एकदाच बोलावलं गेलं. सरकारी नोकरीत असे योग कमी. आमच्यातल्या एकाचा मुलगा तिथं जपानी कंपनीत आहे. तो म्हणाला, बाबा, काका, तुम्हाला एक गुपित जागा दाखवतो, पाटीसुद्धा नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. पाटी नसलेल्या जागेचं आम्हाला काय कौतुक! पण गेलो. राहत्या वस्तीतला बोळ, दुमजली घर, जिन्याखालून आत. लाकडी ओटा, ओट्याला लागून आठ खुर्च्या. मोजून आठ. पलीकडे एक माणूस उभा, पांढऱ्या कपड्यात, समोर भात आणि सुरी. मुलानं आधीच निरोप दिलेला होता, कारण निरोपाशिवाय घेत नाहीत. मेनूकार्ड मागितलं तर मुलगा म्हणाला, मागायचं नाही, तो देईल ते खायचं. जपानीत त्याला ‘ओमाकासे’ म्हणतात, म्हणजे तुमच्यावर सोपवलं.

आमचा कन्नडवाला मित्र कपाळावर भस्म लावणारा, शुद्ध शाकाहारी. त्याला घाम फुटला. पण त्या माणसानं त्याच्यासाठी काकडीची गुंडाळी केली, समुद्री शेवाळ्याच्या पापडात भात आणि मध्ये काकडीची काडी. ‘कप्पा माकी’ म्हणतात तिला. बाकी तिघांना मासा. कच्चा. दखनीवाल्या मित्रानं डोळे मिटून पहिला घास घेतला, आणि डोळे उघडून म्हणाला, “बुरा नई है रे.” हिरवी वाटलेली वासाबी आली ती आमच्या मराठी मित्रानं ठेचा समजून बोटभर खाल्ली. पुढचे पाच मिनिटं त्याच्या नाकातून गंगा-भागीरथी. पण आमचं लक्ष खाण्यापेक्षा त्या माणसाच्या हाताकडे होतं. भाताचा गोळा उचलायचा, दोन-तीनदा दाबायचा, वर माशाचा काप, पुन्हा एक दाब, आणि समोर. भात कोमट, अंगाच्या उबेइतका. पुढ्यात आल्याआल्या खायचा. मुलगा म्हणाला, ठेवून खाल्लं तर बिघडतं. आम्ही चौघं एकदमच हसलो. तो बिचारा गोंधळला.

परत आल्यावर आम्ही त्या सुशीबद्दल थोडं वाचलं. मुळात ती गरिबाची, साठवणीची गोष्ट. मासा टिकावा म्हणून मीठ लावून भातात महिनोन् महिने आंबवत, आणि भात टाकून मासा खात. बिवा सरोवराकाठी अजून तसं करतात. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, आंबवायला वेळ नसलेल्या कामकरी माणसांसाठी भाताला व्हिनेगर लावून वर ताजा मासा ठेवून हातोहात द्यायला लागले. हानाया योहेई या विक्रेत्याचं नाव त्यासाठी घेतात. रस्त्यावरचा गाडा होता तो, आपल्या वडापावासारखा. आणि तीच गोष्ट आज इतकी महाग, की बेंगळुरूचं आमचं बिल त्या मुलानं आम्हाला दाखवलं नाही.

टोकियोतच जिरो ओनो नावाचे गृहस्थ आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये ते शंभर वर्षांचे झाले. त्यांचं दुकान गिन्झा भागात एका इमारतीच्या तळघरात, भुयारी रेल्वेच्या स्टेशनाला लागून, दहा खुर्च्यांचं. २००७ मध्ये मिशलिनच्या पुस्तकानं त्यांना तीन तारे दिले, त्याहून वरचा मान त्या पुस्तकात नाही. २०११ मध्ये त्यांच्यावर माहितीपट निघाला. २०१४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ओबामा तिथं जेवले. मग एवढी गर्दी उसळली, की सर्वसामान्य माणसाला तिथं जागा राखणंच अशक्य झालं, आणि २०१९ मध्ये त्याच पुस्तकानं त्यांना यादीतून काढलं. जेवण बिघडलं म्हणून काढलं नाही. कुणालाही जाता येत नाही अशा जागेची शिफारस करून उपयोग काय, म्हणून काढलं.

हे वाचलं आणि आमच्यात भांडण पेटलं. त्या भांडणासाठीच हा विषय घेतला आहे.

झालं असं, की आमच्यातल्या वीजवाल्याच्या पोरीनं अक्काच्या भाकरीचा एक छोटा व्हिडिओ काढला. मोबाइलवर टाकायचा म्हणाली. दोन मिनिटांत लाख माणसं बघतील, अक्काचं दारिद्र्य फिटेल. वीजवाला आणि दखनीवाला तिच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं असं, की अक्का आठ माणसांवर काय कमावते? गॅसचा भाव काय, डाळीचा काय? ज्यांना ही जागा माहीत आहे ते आपण सगळे पगारदार. आपल्याला स्वस्त आणि चांगलं मिळतंय म्हणून ती लपलेली राहावी असं आपल्याला वाटतं, ही चैन आपली आहे, भार अक्काचा. हे म्हणणं आम्हा उरलेल्या दोघांना झोंबलं, कारण त्यात तथ्य होतं.

उरलेल्या दोघांचं म्हणणं असं, की लाख माणसांतली पन्नास जरी बोळात आली तरी नियम मोडणार. एक तवा आठांना पुरतो, पन्नासांना नाही. मग दुसरी बाई ठेवा, तिसरी ठेवा, दुपारच्या भाकऱ्या सकाळी थापून ठेवा. मग ती ज्वारीची पोळी झाली, भाकरी राहिली नाही. शिवाय गर्दी आली की ती आपल्या रीतीनं बसायला बघते. पाटी लागली की पहिला शब्द कुठला, हा प्रश्नही आलाच.

शेवटी आम्ही अक्कालाच विचारलं. व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला. आपले हात असे दिसतात हे त्यांना बहुधा ठाऊक नव्हतं. म्हणाल्या, “चांगलं काढलंय पोरीनं. मला एक ठेव. बाहेर नको.” का, असं विचारल्यावर म्हणाल्या, “गुडघा.” बस्स. आम्ही संध्याकाळभर तत्त्वाचं भांडलो होतो आणि उत्तर गुडघ्यात होतं. काठवटीसमोर तास-दीड तास बसवत नाही आता. पूर्वी दोन ओळी बसायच्या, एका ओळीनंतर दुसरी. आता एकच.

आम्हाला काय करता आलं, तेही सांगतो, कारण नुसतं कौतुक करून भाकरी फुगत नाही. अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे. २०२५ मध्ये वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असली तर परवाना लागत नव्हता, नुसती नोंदणी लागायची, वर्षाला शंभर रुपये. ती आम्ही करून दिली. कागद भरायचं काम सरकारी माणसाला जमतं. अक्काने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला आहे, बाप्पाच्या तसबिरीमागे. रस्तेवाल्यानं ओटा बांधून दिला, अडीच फूट उंचीचा, काठवट त्यावर ठेवून उभ्यानं थापता यावं म्हणून. पहिले आठ दिवस अक्का त्यावर थापायला तयार नव्हत्या. उभ्यानं हाताला जोर येत नाही म्हणे. मग ओटा तीन इंचांनी कमी केला. आता जमतं. महिन्याचे पैसे आम्ही मागे लागून वाढवून घेतले. भाव वाढवा म्हणून गिऱ्हाईकानं मागे लागायचं, असं आम्ही दुसरीकडे कुठं पाहिलेलं नाही.

एकट्या बाईच्या चुलीवर किती माणसं उभी असतात, याचा हिशेब कुठल्या खात्यात होत नाही. मुंबईच्या गिरणगावात अशा शेकडो खानावळी होत्या. घाटावरून, कोकणातून आलेला एकटा गिरणी कामगार कुणा मावशीकडे लावलेला असायचा. पगाराच्या आधी मावशी सावकाराकडून उधार घेऊन शिजवायची, पगारानंतर फेडायची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून त्यांना थेट कर्ज मिळवून दिलं, सावकार मधून गेला. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, जेवणारे पांगले. पण त्या बायका डबे करून, पदार्थ विकून टिकल्या. संपाचा इतिहास लिहिताना पुढारी सगळ्यांना आठवतात. संपात ज्यांनी महिनोन् महिने उधारीवर जेवू घातलं त्यांची नावं कुठं आहेत?

आपल्याकडेही काही चांगलं चाललं आहे. कलबुर्गीच्या बायकांनी ज्वारीच्या भाकरीचा ब्रँड केला. जून २०२५ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं, रोज तीन हजारांवर भाकऱ्या होतात, बेंगळुरूला त्यांचा काउंटर आहे. ती कडक भाकरी. वाळवलेली, पापडासारखी, महिनाभर टिकते. आमचा तिला विरोध नाही, प्रवासात आम्हीही बांधून घेतो. पण कडक भाकरी ही साठवायची, आणि अक्काची ताटात फुगायची. दोन्ही हव्यात. दोन्हीत खरी अडचण एकच आहे. थापणारे हात कमी होत चालले. २०१३ पासून रेशनवर अन्नभाग्याचा तांदूळ येतो, पोट भरतं हे खरंच मोठं काम झालं. पण गावातली पोरंही आता दुपारी भातच मागतात. आणि आपल्या घरांचं काय सांगावं? या मांडवात बसलेल्या किती घरांत काठवट आहे, हात वर करा असं आम्ही म्हणणार होतो. अध्यक्षांनी नको म्हणून सांगितलं.

अक्काची मुलगी उमरग्याला दिली आहे. ती येते, दोन दिवस राहते, आईला म्हणते बंद कर. सून भाकरी थापते, पण तिला अंगणवाडीत मदतनीसाचं काम मिळालं आहे, आणि आम्ही तिला ते सोडून चुलीशी बस असं सांगणार नाही. कुणीही सांगू नये. गेल्या मार्गशीर्षात मात्र एक बरं झालं. वेळ अमावस्येला अक्काची खानावळ बंद असते. त्या दिवशी सगळा गाव शेतात; कडब्याची कोपी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि सगळ्या डाळी-भाज्यांची ती भज्जी. अक्काने निरोप धाडला की ओळीतल्या सगळ्यांनी शेतावर यावं, हिशेबाशिवाय. आम्ही बायका-पोरांसह गेलो. वीजवाल्याची तीच पोरगी, जिनं व्हिडिओ काढला होता, अक्काच्या शेजारी काठवटीला बसली. पहिल्या चार फाटल्या. पाचवी जमली, पण गोल नाही, आपल्या आळंद तालुक्याच्या नकाशासारखी. अक्काने ती तव्यावर टाकली, फुगवली, आणि आधी तिच्या बापाच्या पानात वाढली.

तेव्हापासून ती सुट्टीला आली की रविवारी हिप्परग्याला जाते. पंधराव्या-सोळाव्या भाकरीनंतर तिचा हात दुखतो म्हणे. अक्का म्हणतात, शंभर झाल्या की थांबतो.

पत्ता आम्ही या मजकुरात छापलेला नाही, संपादकांनी मागितला तरी. ज्यांना खरंच जायचं असेल त्यांनी महाप्रसादाच्या ओळीत आमच्यापैकी कुणालाही गाठावं, आम्ही अक्काला विचारून कळवू. निरोप आदल्या दिवशी द्यायचा, फार तर त्या दिवशी सकाळी दहाच्या आत. एका वेळी चौघांपेक्षा जास्त जायचं नाही, कारण रोजचे चारजण ठरलेले असतात. अमावस्येला बंद. आणि फोटो काढण्याआधी विचारायचं, भाकरी ताटात असेल तर काढायचाच नाही, गार होते.